कार्यालयीन संगणकावरील नकाशा : काही सूचना व एक आग्रह

सरकारी बैठकीत आकड्यांचा तक्ता फिरवला, तर कुणी ना कुणी बेरीज तपासतो, टक्केवारी कशाची आहे असे विचारतो, मागील वर्षाचा आकडा शेजारी मांडण्यास सांगतो. तोच तक्ता रंगीत नकाशाच्या रूपाने पडद्यावर आला की प्रश्न थांबतात. लाल जिल्हा मागास, हिरवा जिल्हा पुढारलेला, एवढे सर्वांना कळते आणि चर्चा लगेच लाल जिल्ह्यांचे काय करायचे या मुद्द्यावर जाते. लाल रंग कोणत्या आकड्यापासून सुरू झाला, जिल्ह्यांच्या सीमा कोणत्या वर्षाच्या आहेत, तक्ता नकाशाला जोडताना किती गावे गळाली, हे विचारणारा अधिकारी मला इतक्या वर्षांच्या नोकरीत क्वचितच भेटला.

नकाशे तयार करण्याचे सॉफ्टवेअर आता बहुतेक खात्यांत या ना त्या रूपाने पोचले आहे. ते चालवतो मात्र कंत्राटी ऑपरेटर किंवा सल्लागार संस्थेचा एखादा तरुण. अधिकारी फक्त छापील प्रत पाहतो. माझे म्हणणे असे की, नकाशा हा टिपणीसारखाच शासकीय अभिलेख आहे आणि ज्याची सही त्याखाली जाते त्याला तो आपल्या टेबलावरील संगणकात स्वतः उघडून तपासता आला पाहिजे. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. मी स्वतः अर्थशास्त्राचा विद्यार्थी. पुढे ज्या सूचना देणार आहे त्या माझ्यासारख्याच बिगरतांत्रिक अधिकाऱ्यांसाठी आहेत.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर कधी उघडलेले नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. संगणकातील नकाशात दोन गोष्टी असतात : गावांच्या, रस्त्यांच्या, जिल्ह्यांच्या आकृती, आणि प्रत्येक आकृतीमागे असलेली तक्त्यातील एक ओळ. आपण बाहेरून आणलेली आकडेवारी त्या ओळीला जोडतो, मग आकड्यानुसार आकृतीत रंग भरला जातो, आणि चुका होतात त्या बहुतांशी या जोडण्याच्या आणि रंग भरण्याच्या पायऱ्यांवर.

आधी सॉफ्टवेअरच्या निवडीविषयी. दोन-अडीच दशकांपूर्वी असे सॉफ्टवेअर म्हणजे महागडा परवाना, एका संगणकापुरता, आणि तो संगणक बहुधा कुलूपबंद खोलीत. आज क्यूजीआयएस नावाचे मुक्त सॉफ्टवेअर कोणीही उतरवून घेऊ शकतो. अलास्कातील गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते सुरू केले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००९ च्या जानेवारीत आली आणि तिसरी मालिका फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाली. आज ते कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. जगभरचे स्वयंसेवक व संस्था मिळून ते चालवतात.

ते फुकट आहे म्हणून घ्यावे असे मी म्हणणार नाही. परवान्याची किंमत हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा खर्च असतो तो एका व्यवस्थेतून दुसरीत जाण्याचा, आणि तो अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने आपले मॅपपॉइंट हे सॉफ्टवेअर २०१४ च्या अखेरीस बंद केले. आर्कमॅप हे तर जगातील सरकारी कार्यालयांत वर्षानुवर्षे वापरलेले सॉफ्टवेअर. त्याचा आधार १ मार्च २०२६ रोजी संपेल असे एस्री कंपनीने कित्येक वर्षे आधी जाहीर केले होते. यात कंपन्यांचा दोष नाही. जुना माल कधी बंद करायचा हा त्यांचा व्यापारी निर्णय. पण भूमी अभिलेखाचे आयुष्य शंभर वर्षांचे आणि सॉफ्टवेअरचे पंधरा-वीस वर्षांचे, हे लक्षात घेऊन खरेदी करणारे खाते मी पाहिलेले नाही. सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, नकाशाची मूळ माहिती अशा स्वरूपात साठवा की ती दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येईल.

क्यूजीआयएस वापरणाऱ्यांनी आवृत्तीबाबत एक पथ्य पाळावे. साधारणपणे दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि तिच्याबरोबर एक दीर्घकालीन आधाराची आवृत्तीही चालू असते, जिच्यात वर्षभर नवी वैशिष्ट्ये न घालता फक्त दोष दुरुस्त केले जातात. कार्यालयात नेहमी ही दुसरीच घ्यावी. नवेपणाची हौस घरच्या संगणकावर भागवावी. शिवाय एका कार्यालयातील सर्व संगणकांवर एकच आवृत्ती असावी, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेले काम जुन्या आवृत्तीत उघडले तर रंग, अक्षरे, मांडणी यांपैकी काहीतरी हरवण्याचा संभव असतो. मालिका बदलते तेव्हा तर विशेष जपावे. दुसऱ्या मालिकेतून तिसरीत जाताना पायथन भाषेची पिढीच बदलली आणि जुनी प्लगइन चालेनाशी झाली. ज्यांचे मासिक अहवाल एखाद्या प्लगइनवर अवलंबून आहेत, त्यांनी पुढच्या मालिकेकडे वळण्यापूर्वी ते प्लगइन तिथे चालते का हे वेगळ्या संगणकावर पाहून घ्यावे. मार्चमध्ये तर आवृत्ती मुळीच बदलू नये. त्या महिन्यात सरकारी कार्यालयाला दुसरी कामे पुष्कळ असतात.

आता फाईलीविषयी. बहुतेक कार्यालयांत नकाशे अजून शेपफाईल या स्वरूपात साठवतात. हे स्वरूप १९९० च्या दशकातले असून त्यातील तक्ता त्याहूनही जुन्या डीबेस पद्धतीचा आहे. शेपफाईल ही एक फाईल नसून एकाच नावाच्या निरनिराळ्या फाईलींचा जुडगा असतो. ईमेलने पाठवताना त्यातली एकच जोडली की पलीकडच्याला काहीच उघडत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. याहून मोठी अडचण आपल्या भाषांची आहे. शेपफाईलमध्ये रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही प्रत्येकी वेगळी चिन्हे असतात. म्हणजे 'लोकसंख्या' असे नाव दिले तर त्यातले 'लोक' तेवढे मावते. 'लोकवस्ती' नावाचा दुसरा रकाना असेल तर त्याचेही 'लोक'च. मग कंटाळून ऑपरेटर रकान्यांना इंग्रजी आद्याक्षरे देतो आणि सहा महिन्यांनी त्यांचा अर्थ त्यालाही सांगता येत नाही. जिओपॅकेज हे २०१४ पासूनचे खुले प्रमाणित स्वरूप यासाठी पुष्कळ बरे. सगळे थर एका फाईलीत राहतात, रकान्याला पूर्ण देवनागरी नाव देता येते आणि क्यूजीआयएसचे काम, म्हणजे रंग व मांडणीसकट सगळे, त्याच फाईलीत जतन करता येते.

हे शेवटचे वैशिष्ट्य बदल्यांच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. नकाशाच्या कामाची फाईल प्रत्यक्ष माहिती साठवत नाही, ती कुठे ठेवली आहे याचा पत्ता तेवढा साठवते. ऑपरेटरने ती माहिती स्वतःच्या नावाच्या फोल्डरात, डेस्कटॉपवर ठेवलेली असते. तो गेला, संगणक बदलला, की नकाशा उघडताना सर्व थर 'उपलब्ध नाहीत' अशी यादी समोर येते. नव्या अधिकाऱ्याला वाटते नकाशा हरवला, आणि काम पुन्हा नव्याने काढले जाते. प्रकल्पाच्या गुणधर्मांत पत्ते सापेक्ष ठेवण्याची सोय आहे. ती चालू आहे ना हे पाहावे आणि सर्व माहिती एकाच फोल्डरात ठेवून ते फोल्डर हलवावे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. तक्ता नकाशाला जोडताना बहुतेक ठिकाणी गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव हा दुवा म्हणून वापरतात. हे पूर्णतः बंद झाले पाहिजे. महाराष्ट्राबाहेर काम करणाऱ्या मराठी माणसाला याचे कारण चटकन पटेल. दिल्लीतील हिंदी याद्यांत यवतमाळचे 'यवतमाल' होते आणि धुळ्याचे 'धुले'. माणूस वाचून समजून घेतो. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे जिल्हे. 'छत्तीसगढ़' मधील शेवटचे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते, एकच जोडचिन्ह म्हणून किंवा ढ आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, जोडताना मात्र एकमेकांना ओळखत नाहीत. हिंदी पट्ट्यातील जुन्या याद्या कृतिदेवसारख्या फाँटात टंकलेल्या असतील, तर त्यांत मुळात देवनागरी अक्षरेच नसतात. इंग्रजी अक्षरांना देवनागरीचा पोशाख चढवलेला असतो, इतकेच. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात.

उलट प्रकार त्याहून धोक्याचा : नाव एक, जिल्हे दोन. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी यादीत महाराष्ट्रातील रायगड आणि छत्तीसगढमधील रायगढ या दोहोंचे स्पेलिंग एकच आहे. औरंगाबाद महाराष्ट्रात होते आणि बिहारमध्ये आहे. बिलासपूर छत्तीसगढमध्ये आणि हिमाचलमध्ये, हमीरपूर उत्तर प्रदेशात आणि हिमाचलमध्ये, प्रतापगढ उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात. नावावरून जोडले की सॉफ्टवेअर जुळणारी पहिली ओळ उचलते आणि दोन्ही आकृतींना तोच आकडा देते. संगणक कोणतीही सूचना देत नाही, नकाशा सुबक दिसतो आणि अलिबागच्या किनाऱ्याला छत्तीसगढच्या कोळसापट्ट्याची साक्षरता चिकटते. राष्ट्रीय पातळीवरील नकाशात हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय म्हणजे कोड क्रमांक. जनगणनेने २०११ मध्ये देशातील प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिला. सुमारे ६ लाख ४० हजार गावे, प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही प्रत्येक राज्य, जिल्हा, तालुका, गाव व ग्रामपंचायत यांना क्रमांक आहेत, आणि नवी गावे, नवे जिल्हे तिच्यात येत राहतात. दोन्ही क्रमांकपद्धती वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. प्रत्येक योजनेच्या तक्त्यात निर्देशिकेचा क्रमांक हा रकाना सक्तीचा असावा आणि शक्य असेल तिथे शेजारी जनगणनेचा.

मात्र क्रमांकालाही एक शत्रू आहे, तो म्हणजे एक्सेल. राजस्थानचा जनगणना क्रमांक ०८, उत्तर प्रदेशचा ०९. एक्सेलमध्ये फाईल उघडून जतन केली की पुढचे शून्य जाते आणि ८, ९ उरतात. गावांचे क्रमांक जम्मू-काश्मीरपासून सुरू होत असल्याने तिकडच्या क्रमांकांत पुढे तीन-तीन, चार-चार शून्ये आहेत. ती गेली की दोन-तीन आकडी क्रमांक उरतो आणि काहीच जुळत नाही. गंमत अशी की महाराष्ट्राचा क्रमांक २७ असल्याने मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांना ही अडचण जाणवतच नाही आणि त्यांच्या मार्गदर्शिकेत ती नसते. असा रकाना एक्सेलमध्ये घेताना तो मजकूर म्हणून घ्यावा, संख्या म्हणून नव्हे. क्यूजीआयएसमध्येही तक्ता उघडताना रकान्याचा प्रकार मजकूर आहे की संख्या हे आधी पाहावे. एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे संख्या असेल तर जोडणीवर विसंबू नये.

जोडणी झाल्यावर जे उरले त्याची यादी घ्यावी. ही माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. क्यूजीआयएसच्या प्रक्रिया-पेटीत रकान्याच्या मूल्यावरून जोडण्याचे जे साधन आहे, त्यात न जुळलेल्या आकृतींचा वेगळा थर काढून देण्याची सोय आहे. त्याच साधनात न जुळलेल्या नोंदी टाकून देण्याचीही एक चौकट आहे. ऑपरेटर दुसरीवर खूण करतो, कारण नकाशा स्वच्छ दिसतो. जोडलेल्या तक्त्यावरून पुढे योजनेच्या गावांची यादी निघते, यादीवरून निधी निघतो, आणि ज्या गावाच्या नावात एक अनुस्वार जास्त होता ते गाव कुठेच येत नाही. तेथील सरपंच तालुक्याला खेपा घालतो तेव्हा त्याला 'सिस्टीममध्ये नाव नाही' असे उत्तर मिळते. ते नाव कुणीही वगळलेले नसते, त्यामुळे कुणाला जबाबदारही धरता येत नाही. न जुळलेल्या गावांची यादी नस्तीत लावल्याखेरीज नकाशावर सही करू नये. यादी शून्य असेल तर तसे लिहून घ्यावे.

सीमांचे वर्ष हा याच मुद्द्याचा दुसरा भाग. २०११ च्या जनगणनेत देशात ६४० जिल्हे होते. त्यानंतर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. तेलंगण राज्य २०१४ मध्ये १० जिल्ह्यांनिशी जन्मले, ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे ३१ आणि २०१९ मध्ये ३३ जिल्हे झाले. आंध्र प्रदेशचे ४ एप्रिल २०२२ रोजी १३ चे २६ झाले. आता २०११ ची लोकसंख्या नव्या जिल्ह्यांवर दाखवायची तर काय करावे? सोपा मार्ग म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी, आणि पुष्कळ सल्लागार तेच करतात. त्यामागे लोकसंख्या जिल्हाभर सारखी पसरली आहे असे गृहीतक असते. ठाणे-पालघरच्या बाबतीत ते किती हास्यास्पद आहे हे लोकलने प्रवास केलेला कोणीही सांगेल. योग्य मार्ग एकच : गावांचे किंवा तालुक्यांचे आकडे घेऊन नवा जिल्हा खालून बांधणे. वेळ लागतो, पण हे काम राज्यासाठी एकदाच करावे लागते.

मोजमापाविषयी. शिक्षण हक्क कायद्याखालील आदर्श नियमांनुसार प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटर चालण्याच्या अंतरात आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी. हे तपासण्यासाठी शाळेभोवती वर्तुळे काढतात. नकाशा अक्षांश-रेखांशात असेल तर सॉफ्टवेअर अंतर अंशांत घेते. १ लिहिले की १ अंश, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि एका शाळेच्या वर्तुळात चार जिल्हे येतात. ही चूक डोळ्यांना दिसते, म्हणून ती दुरुस्त होते. न दिसणारी चूक अशी की, वर्तुळ हे पक्ष्याचे अंतर मोजते. कोरापुटच्या डोंगरात किंवा ब्रह्मपुत्रेच्या चरावर सहा-सात वर्षांचे मूल सरळ रेषेत शाळेत जाऊ शकत नाही. वर्तुळात बसली म्हणून वस्ती 'व्याप्त' ठरवण्यापूर्वी मध्ये नदी-नाला आहे का, पूल आहे का, हे तरी थरावर थर ठेवून पाहावे. तेवढ्यासाठी नवीन काही शिकावे लागत नाही.

क्षेत्रफळाचीही अशीच गत. आंतरजालावरील बहुतेक नकाशे वेब मर्केटर नावाच्या प्रक्षेपणात असतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्र फुगते. त्यातच सरळ मोजले तर कन्याकुमारीजवळ सुमारे २ टक्के, नागपूरजवळ १५ टक्के आणि श्रीनगरला सुमारे ४६ टक्के जास्त क्षेत्र येते. तलावाचे, वनाचे, अतिक्रमणाचे क्षेत्र असे मोजून अहवालात गेले तर काय होईल याची कल्पना करावी. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्र काढण्याची दोन सूत्रे आहेत. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे सूत्र प्रकल्पात निवडलेल्या लंबगोलानुसार पृथ्वीचा आकार जमेस धरते, दुसरे कागद सपाट मानून मोजते. पहिले वापरावे. सपाट मोजायचेच असेल तर यूटीएम प्रक्षेपणात मोजावे आणि पट्टा नीट निवडावा. दर सहा रेखांशांना पट्टा बदलतो. ७८ अंश रेखांशावर ४३ वा पट्टा संपून ४४ वा सुरू होतो, त्यामुळे पुणे एका पट्ट्यात आणि नागपूर दुसऱ्यात. ओडिशातही ८४ अंशांवर अशीच फाळणी आहे. जुने टोपोशीट स्कॅन करून बसवणाऱ्यांनी ते एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहे की डब्ल्यूजीएस ८४ वर, हे शीटच्या समासात वाचावे. मध्य भारतात या दोहोंत शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो, म्हणजे रस्ता शेताच्या पलीकडे जातो. एवढे सर्व बरोबर असले तरी पडद्यावर मोजलेले क्षेत्र हा अंदाज आहे. मोबदला ठरवायचा असेल तेव्हा मोजणीदाराला पर्याय नाही.

रंगांकडे वळू. एकूण संख्या, जसे निरक्षर व्यक्ती किंवा कुपोषित बालके, जिल्ह्याच्या आकृतीत रंग भरून कधीही दाखवू नये. कच्छ जिल्हा ४५ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आणि २०११ मध्ये त्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख. मुंबई शहर जिल्हा १५७ चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे ३१ लाख. नकाशात कच्छ डोळ्यांत भरतो आणि मुंबई ठिपक्याएवढीही दिसत नाही. रंगाने प्रमाण दाखवावे, संख्या दाखवायची तर लहानमोठी वर्तुळे वापरावीत.

त्याहून गंभीर बाब वर्ग पाडण्याची. सॉफ्टवेअरला पाच वर्ग पाडायला सांगितले आणि समसंख्य पद्धत निवडली, तर ते प्रत्येक वर्गात सारखेच जिल्हे टाकते. ओडिशात ३० जिल्हे आहेत. म्हणजे सहा जिल्हे लाल होणारच, सर्वांची कामगिरी उत्तम असली तरी. पुढल्या वर्षी सर्वांनी दुप्पट प्रगती केली तरी पुन्हा सहा लालच. या लाल रंगावरून आढावा बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांना उभे करून जाब विचारला जातो. मी अशा बैठकींना बसलो आहे. अहवालात वर्गसीमा कशा ठरवल्या याचे एक वाक्यही नसते. योजनेच्या उद्दिष्टावरून सीमा हाताने ठरवाव्यात, त्या वर्षानुवर्षे बदलू नयेत आणि नकाशाखाली छापाव्यात. अर्थशास्त्राच्या परीक्षेत आधारवर्ष न सांगता निर्देशांक दिला तर गुण जातात. नकाशाला वेगळा न्याय लावण्याचे मला काही कारण दिसत नाही.

देशाच्या सीमेबाबत थोडक्यात सांगतो, कारण यात कायदा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाने दंडनीय आहे. विदेशी संकेतस्थळांवरील फुकट थरांत जम्मू-काश्मीर व लडाखची सीमा बहुधा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते. सादरीकरणाच्या आदल्या रात्री घाईत असा थर उतरवून घेऊ नये. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर सीमांचे थर उपलब्ध आहेत, तेच वापरावेत.

थर मिळत नाहीत ही सबब पूर्वी खरी होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण मालिका आणि खुली मालिका असे दोन भाग केले, तरी साध्या टोपोशीटसाठी परवानग्यांच्या फेऱ्या चुकत नव्हत्या. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्थांसाठी पूर्वपरवानगीचे बंधन मोठ्या प्रमाणात काढले आणि २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. आज अडथळा राहिला आहे तो खात्याखात्यांतील मालकीच्या भावनेचा. शेजारच्या खात्याला आपला थर देणे म्हणजे अधिकार देणे, असे समजणारे पुष्कळ आहेत.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, अधिकाऱ्याने निर्णय घ्यावेत, नकाशे काढत बसू नये. काढू नयेच. पण लेखापाल हिशेब लिहितो म्हणून अधिकाऱ्याने रोकडवही वाचायला शिकू नये असे कुणी म्हणत नाही. वर सांगितलेले सर्व तपासायला शिकण्यास दोन-तीन दिवस पुरतात. न शिकण्याची किंमत काय पडते याचे एक उदाहरण देतो. एका योजनेत, जिच्याशी माझा काही काळ संबंध होता, एका सल्लागार संस्थेने दीडशे पानांचा सुंदर नकाशासंग्रह दिला, तोही केवळ पीडीएफ स्वरूपात. वर्षभराने दोन तालुक्यांचे विभाजन झाले. नकाशे सुधारायचे म्हटल्यावर मूळ थर मागितले, तर करारात ते द्यायचे असे कुठे लिहिले आहे, असा प्रश्न आला. खरोखरच लिहिलेले नव्हते. तेच काम पुन्हा पैसे देऊन करून घ्यावे लागले. तेव्हा निविदेत ही अट असावी : सर्व थर खुल्या स्वरूपात, कामाची फाईल, प्रत्येक रकान्याचा अर्थ, सीमांचे वर्ष व मूळ स्रोत यांसह मिळाल्याखेरीज शेवटचा हप्ता निघणार नाही. आणि हप्ता काढण्यापूर्वी अधिकाऱ्याने ती फाईल स्वतःच्या संगणकावर एकदा उघडून पाहावी.

कार्यभार सोपवताना आपण तिजोरीच्या किल्ल्या, वाहनाचे लॉगबुक, प्रलंबित न्यायप्रकरणे यांची यादी देतो. तिच्यात नकाशांच्या फोल्डराचा पत्ता आणि त्याच्या प्रतीचा पत्ता अशा दोन ओळी वाढवाव्यात.

हे सर्व आत्ताच लिहिण्याचे कारण पुढील जनगणना. तिची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली, देशाच्या बहुतांश भागासाठी संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि राज्यांना प्रशासकीय सीमांतील बदल ३१ डिसेंबर २०२५ पूर्वी पुरे करावयास सांगण्यात आले होते. नवे आकडे नव्या सीमांवर येतील. २०११ शी तुलना करण्यासाठी जुना क्रमांक कोणता आणि नवा कोणता याचा गाववार तक्ता लागेल, आणि तो ज्यांच्याकडे आधीपासून तयार असेल त्यांचेच काम वेळेत होईल. नवे थर आले की जागा रिकामी करण्यासाठी २०११ चे थर पुसून टाकण्याची घाई कार्यालयांत होते. ते पुसू नयेत. नावापुढे वर्ष घालून त्याच फोल्डरात ठेवावेत.